ओरेगनचा कौल

पक्षाचा उमेदवार कोणीं ठरवावा, हा लोकशाहीच्या पोटांत दडलेला, पण उघडपणें क्वचितच चर्चिला जाणारा प्रश्न आहे. निवडणुकीच्या दिवशीं मतदारापुढें दोन-चार नांवें येतात व त्यांतून एकाची निवड करण्याचा हक्क त्याला असतो. परंतु तीं नांवें त्या कागदावर आलीं कशीं, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. आपल्याकडे पक्षश्रेष्ठी बसतात, याद्या होतात, तिकिटें वांटलीं जातात. ज्याला तिकीट मिळालें तो हार घालून आणि ज्याला मिळालें नाहीं तो हिरमुसून बाहेर पडतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या कामासाठीं एक निराळीच व्यवस्था हळूहळू घडत गेली. तिला तिकडे प्रायमरी म्हणतात. आपण तिला पूर्वनिवडणूक म्हणूं. जत्रेच्या फडांत परगांवच्या मल्लाशीं कोणाला लढवावयाचें, हें ठरविण्यासाठीं गांवच्या तालमींतील दोघां पठ्ठ्यांची आधीं आपसांत कुस्ती लावावी, आणि पुढें कोणी जावयाचें याचा निकाल वस्तादानें न देतां तालमींतल्या सर्वांनीं मिळून द्यावा, कांहींसा तसा हा प्रकार आहे.

आज जिची हकीकत सांगावयाची ती पूर्वनिवडणूक १९४८ सालच्या मे महिन्यांत ओरेगन संस्थानांत झाली. तिच्यांत पणाला लागलेले प्रतिनिधी अवघे बारा होते. पण तिच्या निमित्तानें दोन मातबर गृहस्थ एका ध्वनिक्षेपणगृहांत समोरासमोर आले, एकाच प्रश्नावर तासभर वाद करते झाले, आणि तो वाद सारा देश कान देऊन ऐकत राहिला. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही हकीकत विशेष आपुलकीची वाटावी.

संस्थान हा शब्द ऐकून बडोदें किंवा कोल्हापूर डोळ्यांपुढें आणूं नये. तेथें राजा नाहीं. लोकांनीं निवडलेला गव्हर्नर आहे, आपलें विधिमंडळ आहे, आणि निवडणुका कशा घ्यावयाच्या हेंहि बरेंचसें ज्या त्या संस्थानाच्या हातीं आहे. ओरेगन हें पॅसिफिक महासागराच्या कांठीं, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस वसलेलें संस्थान. दाट अरण्यें, लांकडाचा मोठा व्यापार, कोलंबिया नदी व तिच्यांतील सामन मासे यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. पोर्टलंड हें त्यांतील सर्वांत मोठें शहर.

या संस्थानाची एक खोड आहे, आणि ती चांगली खोड आहे. विधिमंडळ जें करीत नाहीं तें लोकांनीं स्वतः अर्ज करून, स्वतः मतें देऊन करून घ्यावें, अशी सोय तेथें १९०२ सालीं झाली. विल्यम यूरेन नांवाचा एक गृहस्थ या चळवळीच्या अग्रभागीं होता. लोहारकाम केलेला हा मनुष्य पुढें वकील झाला. रेल्वे कंपन्या व धनिक यांच्या मुठींत गेलेलें राजकारण लोकांच्या हातीं आणावें, हा त्याचा ध्यास. या नव्या हक्काचा उपयोग करून ओरेगनच्या मतदारांनीं १९०४ सालीं असा कायदा करून घेतला, कीं पक्षांचे उमेदवार पुढाऱ्यांच्या बैठकींत ठरूं नयेत, पक्षाच्या मतदारांनीं मत देऊन ठरवावे. १९१० सालीं त्यांनीं याच्याहि पुढें पाऊल टाकलें. देशाच्या अध्यक्षपदासाठीं आपल्याला कोण हवा, हें सांगण्याचाहि हक्क त्यांनीं मतदानानेंच मिळविला. अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयीं मतदारांची पसंती अशी सरळ विचारण्याचा कायदा करणारें पहिलें संस्थान ओरेगनच होय.

तथापि कायदा झाला म्हणून सत्ता लगेच मिळते असें नाहीं. १९१२ सालीं कांहीं संस्थानांत अशा निवडणुका पहिल्यानें झाल्या. त्यांपैकीं नऊ थिओडोर रूझवेल्ट यांनीं जिंकल्या. पण शिकागो येथील रिपब्लिकन अधिवेशनानें उमेदवारी दिली ती टॅफ्ट यांना. रूझवेल्ट रागावून पक्षाबाहेर पडले आणि नवा पक्ष काढून लढले. दोघांच्या भांडणांत विल्सन अध्यक्ष झाले. मोजक्या संस्थानांतील मतदार कितीहि ओरडले, तरी बाकीच्या संस्थानांतील प्रतिनिधी पुढाऱ्यांच्या खिशांत असत. आणि अधिवेशनांत डोकीं मोजलीं जात तीं प्रतिनिधींचीं. ही स्थिति १९४८ सालींहि फारशी पालटली नव्हती.

त्या वर्षीं रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनांत एकूण १०९४ प्रतिनिधी बसावयाचे होते. उमेदवारीसाठीं ५४८ मतें हवीं होतीं. त्यांत ओरेगनचीं बारा म्हणजे दर्यांत खसखस. मग एवढी धडपड कशाला? याचें उत्तर आंकड्यांत नाहीं, हवेंत आहे. पूर्वनिवडणूक म्हणजे पुढाऱ्यांना दाखविण्याचा कौल होता. ज्या पुढाऱ्यांच्या हातीं प्रतिनिधी असत ते दुरून पाहत असत, कीं हा घोडा धांवतो कीं बसतो. आणि बसलेल्या घोड्यावर पैसे लावण्यास कोणी तयार नसे.

न्यूयॉर्क संस्थानाचे गव्हर्नर थॉमस ड्यूई हे या दोघांपैकीं पहिले. वय सेहेचाळीस. तरुणपणीं सरकारी वकील म्हणून त्यांनीं न्यूयॉर्क शहरांतील गुंडांच्या टोळ्यांना सळो कीं पळो करून सोडलें. १९३६ सालीं लकी लुचानो या टोळीनायकाला त्यांनींच तुरुंगांत पाठविलें. १९४४ सालीं ते पक्षाचे उमेदवार होते व फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून पराभूत झाले होते. माणूस कर्तबगार, हिशेबी, नीटनेटका. परंतु लोकांत मिसळण्याचें अंग नाहीं. बारीक कातरलेली मिशी व इस्त्रीचा पोषाख यांमुळें लग्नाच्या केकवरील बाहुला, असें त्यांना थट्टेनें म्हटलें जाई. एक गोष्ट मात्र त्यांच्यापाशीं होती: आवाज. तरुणपणीं त्यांनीं गायनाचें रीतसर शिक्षण घेतलें होतें, आणि त्यांच्या कंठांतला तो कमावलेला खर्ज ध्वनिक्षेपकावर फार भरदार वाटे.

दुसरे हॅरल्ड स्टॅसन. हे मिनेसोटाचे. वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, १९३८ सालीं, ते तेथील गव्हर्नर निवडून आले. युद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, पदाचा राजीनामा देऊन ते आरमारांत गेले. १९४५ सालीं सान फ्रान्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली तेव्हां अमेरिकेच्या प्रतिनिधिमंडळांत होते. १९४७ सालीं मॉस्कोस जाऊन स्टालिन यांनाहि भेटून आले. उंच, धिप्पाड, हंसतमुख, कष्टाळू. पुढाऱ्यांचा त्यांना पाठिंबा नव्हता. म्हणून त्यांनीं पूर्वनिवडणुकांचाच मार्ग धरला. ज्याला दिंडीदरवाजा उघडत नाहीं त्यानें गर्दी जमवून मोठा दरवाजा ठोठवावा, हेंच त्यांचें धोरण होतें.

आणि दरवाजा हलूं लागला. ६ एप्रिल रोजीं विस्कॉन्सिनमध्यें स्टॅसन यांनीं २७ पैकीं १९ प्रतिनिधी मिळविले, जनरल मॅकार्थर यांना ८ मिळाले, ड्यूईंना एकहि नाहीं. मॅकार्थर म्हणजे जपान जिंकलेला सेनापति, आणि त्याचा विस्कॉन्सिनशीं घराण्याचा संबंध! आठवड्यानें नेब्रास्कांतहि स्टॅसन पहिले आले. ड्यूईंचें नांव मागें पडूं लागलें. एकदां हरलेला मनुष्य दुसऱ्यांदा कशाला उभा करावयाचा, असें पक्षांतले लोक म्हणूं लागले.

याच ठिकाणीं स्टॅसन यांचा तोल गेला. ओहायो हें सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांचें घर. टॅफ्ट हेहि उमेदवारीचे इच्छुक. दुसऱ्याच्या घरांत शिरून त्याला हरविलें तर सगळा देश थक्क होईल, अशा हिशेबानें स्टॅसन तेथें उतरले. ४ मेच्या मतदानांत त्यांनीं लढविलेल्या २३ जागांपैकीं ९ हातीं लागल्या. कांहींच मिळालें नाहीं असें नव्हे. पण गर्जना मोठी होती आणि शिकार लहान निघाली. शिवाय टॅफ्ट यांचें वैर पदरीं पडलें, आणि ज्या दिवसांत ओरेगनमध्यें पाय रोवावयाचे ते दिवस ओहायोंत गेले.

ड्यूईंनीं ते दिवस वायां दवडले नाहींत. ते तीन आठवडे ओरेगनमध्यें ठाण मांडून बसले. मोटारबसमधून गांवोगांव हिंडले, रस्त्याच्या कडेला थांबून दहा-वीस माणसांपुढेंहि बोलले, हात मिळविले, प्रश्नांना उत्तरें दिलीं. ग्रँट्स पास नांवाच्या गांवीं हौशी मंडळींचा एक संघ आहे. ते लोक जनावरांचीं कातडीं पांघरून गुहेंतील आदिमानव बनतात. त्या मंडळींच्या गराड्यांत उभे राहिलेले ड्यूई छायाचित्रांत पाहावयास मिळतात. न्यूयॉर्कच्या गव्हर्नराला हें सोंग मनापासून आवडलें असेल असें वाटत नाहीं. परंतु मतें मागावयास निघालेल्या माणसाला आवडनिवड कसली? पंढरीच्या वाटेवर चिखल लागतोच.

या सगळ्या हिंडण्यांत एक प्रश्न पुन्हां पुन्हां पुढें येत होता: अमेरिकेंतील कम्यूनिस्ट पक्ष बेकायदा ठरवावा कीं नाहीं? तो काळ ध्यानांत घेतला पाहिजे. फेब्रुवारी १९४८ मध्यें झेकोस्लोव्हाकियांत कम्यूनिस्टांनीं सत्ता बळकावली होती. मार्चमध्यें त्या देशाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्या खिडकीखालीं मृतावस्थेंत आढळले. इटलींत एप्रिलमध्यें अटीतटीची निवडणूक झाली. जग दुभंगत असल्याची भीति सर्वांच्या मनांत होती. आपल्या देशांतहि त्याच मार्च महिन्यांत पश्चिम बंगालच्या सरकारनें कम्यूनिस्ट पक्षावर बंदी घातली होती. तेव्हां हा प्रश्न कांहीं एकट्या ओरेगनचा नव्हता. स्टॅसन जागोजाग सांगत होते, कीं बंदी घालावी. ड्यूई म्हणत होते, घालूं नये.

समोरासमोर वाद व्हावा अशी मागणी स्टॅसन यांची. त्यांना भव्य सभागृह हवें होतें, हजारों लोक हवे होते. ड्यूईंनीं आधीं टाळाटाळ केली. मग मान्यता दिली ती आपल्या अटींवर. सभा नको, टाळ्या नकोत, शिट्या नकोत. एक खोली, एक ध्वनिक्षेपक, एकच प्रश्न. आणि त्या प्रश्नाची होकारार्थी बाजू स्टॅसन यांनीं मांडावी. स्टॅसन यांनीं सारें कबूल केलें. ज्याला वादाची खुमखुमी असते तो अटींकडे नीट पाहत नाहीं. वास्तविक या अटींतच निम्मा डाव होता. सभेंत स्टॅसन यांची धिप्पाड मूर्ति व मनमोकळें हास्य यांनीं माणसें जिंकलीं असतीं. बंद खोलींत शिल्लक उरले ते दोन आवाज आणि दोन युक्तिवाद. आणि समोर होता तो आयुष्यभर न्यायालयांत उलटतपासणी केलेला मनुष्य.

सोमवार, १७ मे १९४८. पोर्टलंड येथील केईएक्स हें नभोवाणी केंद्र. खोलींत दोघे उमेदवार, रिपब्लिकन पक्षाचे स्थानिक अध्यक्ष सूत्रधार म्हणून, कांहीं वार्ताहर आणि यंत्रें सांभाळणारे लोक. प्रत्येकानें आधीं वीस मिनिटें बोलावें, नंतर साडेआठ मिनिटें उत्तर द्यावें, असा नियम. सुमारें ९०० केंद्रांवरून तें भाषण देशभर पोंचलें, आणि ऐकणारांची संख्या कोटींत मोजली गेली. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं झगडणारे दोघे असे नभोवाणीवर समोरासमोर आल्याचा हा पहिलाच प्रसंग. केनेडी व निक्सन यांचा दूरचित्रवाणीवरील वाद, ज्याचें नांव सर्वांना ठाऊक आहे, तो याच्यानंतर बारा वर्षांनीं, १९६० सालीं झाला.

आपल्या जुन्या शास्त्रीपंडितांच्या भाषेंत सांगावयाचें, तर पूर्वपक्ष स्टॅसन यांचा आणि उत्तरपक्ष ड्यूईंचा. स्टॅसन यांचें म्हणणें थोडक्यांत असें: कम्यूनिस्ट पक्ष हा खरा राजकीय पक्षच नव्हे. देशोदेशींच्या या संघटनांचें सूत्र मॉस्कोच्या हातीं आहे व मनुष्याचें स्वातंत्र्य नष्ट करणें हाच त्यांचा हेतु. मोकळ्या देशांत त्यांना कायदेशीर पक्ष म्हणून वावरूं दिल्यानें त्यांचें बळ वाढतें. झेकोस्लोव्हाकियांत काय झालें तें पाहा. राज्यघटना स्वातंत्र्य देते याचा अर्थ तें स्वातंत्र्यच उखडून टाकण्याचा हक्क ती देते असा होत नाहीं. आणि शेवटीं त्यांनीं बोट दाखविलें तें काँग्रेसपुढें असलेल्या मुंट-निक्सन विधेयकाकडे: हें विधेयक मंजूर झालें म्हणजे कम्यूनिस्ट पक्ष बेकायदा ठरेल, म्हणून तें मंजूर व्हावें, आणि ड्यूईंनीं त्याला पाठिंबा द्यावा.

ड्यूईंनीं पहिला घाव घातला तो येथेंच. विधेयक त्यांनीं बारकाईनें वाचलें होतें. एवढेंच नव्हे, तर विधेयकाचे जनक कार्ल मुंट यांनीं स्वतःच तें कम्यूनिस्ट पक्षाला बेकायदा ठरवीत नाहीं असें सांगितलें होतें, आणि तें निवेदन ड्यूईंच्या हातीं होतें. मग प्रश्न उरला तो इतकाच, कीं आपले प्रतिस्पर्धी ज्या विधेयकाच्या आधारानें बंदी मागतात त्यांत बंदीच नाहीं! वादविवादाच्या व्यासपीठावर ज्यानें आपला आधारग्रंथ नीट वाचलेला नसतो त्याची जी अवस्था होते, ती स्टॅसन यांची देशभरच्या श्रोत्यांसमक्ष झाली.

पण ड्यूईंचें भाषण या एका पेंचावर उभें नव्हतें. घातपात, हेरगिरी, सरकार बळानें उलथण्याचा कट या सर्व गोष्टींविरुद्ध कायदे आधींच अस्तित्वांत आहेत, असें त्यांनीं दाखवून दिलें. कृत्याला शिक्षा करा, विचाराला करूं नका. रशियाच्या झारनें कम्यूनिस्टांवर बंदी घातली होती. त्याचें फळ काय तें जगानें पाहिलें. मुसोलिनीनें वीस वर्षें त्यांना चिरडलें. तो गेल्यावर इटलींत तेच मोठे होऊन वर आले. शेजारच्या कॅनडानें युद्धकाळांत या पक्षावर बंदी घातली. तो दुसरें नांव घेऊन उभा राहिला, आणि रशियाचें हेरजाळें उघडकीस आलें तें त्याच कॅनडांत. न्यूयॉर्कमध्यें हे लोक उघड वावरतात, उघड मतें मागतात आणि उघड हरतात. त्यांना जमिनीखालीं ढकलून हुतात्मे कां बनवावयाचें? लोकांना त्यांच्या मतांसाठीं बेकायदा ठरविणें हा हिटलर व स्टालिन यांचा मार्ग. तो उसना घेऊन त्यांच्याविरुद्ध लढणें म्हणजे आपलीच लढाई हरणें. एका सरकारी वकिलानें, ज्याचें नांव गुन्हेगारांना तुरुंगांत धाडण्यासाठीं गाजलें त्यानें, हें बोलावें याला विशेष वजन होतें.

प्रत्युत्तरांत स्टॅसन यांनीं विधेयकाचाच मुद्दा पुन्हां धरला. शेवटचीं साडेआठ मिनिटें ड्यूईंचीं होतीं. त्यांनीं सांगितलें, कीं प्रतिस्पर्ध्याला जर या विधेयकानें समाधान होत असेल, तर त्यानें आपला मूळ आग्रहच सोडून दिला आहे. ज्याला शेवटचा शब्द मिळतो तो निम्मा वाद जिंकतो हें खरें. परंतु त्या दिवशीं तो शब्द योग्य माणसाच्या तोंडीं होता असें आजहि म्हणावेंसें वाटतें.

ड्यूईंना याबद्दल साधु ठरविण्याचें मात्र कारण नाहीं. १९४४ सालच्या प्रचारांत याच ड्यूईंनीं रूझवेल्ट यांच्या गोटांत कम्यूनिस्टांचा शिरकाव झाल्याचा आरोप केला होता. राजकारणी मनुष्य तत्त्वासाठीं बोलतो कीं डावासाठीं, हें उकलणें कठीण असतें, बहुधा दोहोंसाठीं. तरीहि ज्या दिवसांत भीतीची लाट उसळली होती, त्या दिवसांत कोट्यवधि लोकांना ऐकूं जाईल अशा आवाजांत त्यांनीं बंदीला नकार दिला, आणि तोहि मतें गमावण्याचा धोका पत्करून दिला. ही गोष्ट त्यांच्या खातीं जमा धरलीच पाहिजे.

चार दिवसांनीं, शुक्रवार २१ मे रोजीं, मतदान झालें. ड्यूईंना १,१७,००० हून कांहीं अधिक, स्टॅसन यांना १,०८,००० च्या जवळपास मतें पडलीं. अंतर फार नव्हतें. शेंकडा बावन्नाला अठ्ठेचाळीस असें म्हणतां येईल. पण ओरेगनच्या बाराहि जागा ड्यूईंच्या झाल्या, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे स्टॅसन यांचा घोडा बसला. या निकालानंतर नऊ दिवसांनीं कोलंबिया नदीला महापूर येऊन पोर्टलंडच्या शेजारचें व्हॅनपोर्ट नांवाचें वसलेलें गांवच्या गांव एका दुपारीं पुसलें गेलें, आणि ओरेगनच्या लोकांना निवडणुकीपेक्षां जवळचें दुःख पाहावें लागलें.

जूनमध्यें फिलाडेल्फियास अधिवेशन भरलें. पहिल्या फेरींत ड्यूई ४३४, टॅफ्ट २२४, स्टॅसन १५७. तिसऱ्या फेरींत ड्यूई एकमतानें निवडले गेले. पुढची कथा सर्वविदित आहे. नोव्हेंबरांत ड्यूईच अध्यक्ष होणार हें सर्वांनीं गृहीत धरलें. शिकागोच्या एका वृत्तपत्रानें तर त्यांच्या विजयाचा मथळाहि छापून टाकला. आणि निवडून आले ट्रूमन, १८९ विरुद्ध ३०३ निर्वाचक मतांनीं. ओरेगननें मात्र नोव्हेंबरांतहि ड्यूईंनाच मत दिलें. यांतली गंमत अशी, कीं मे महिन्यांत जो मनुष्य गांवोगांव हिंडून, एका अवघड प्रश्नावर निःसंदिग्ध बोलून जिंकला, तोच मनुष्य शरद ऋतूंत गुळगुळीत, कोणालाहि न बोचणारीं भाषणें करीत फिरला. आपण जिंकलोंच आहों अशी समजूत झाली, कीं माणसाच्या बोलण्यांतला कणा जातो. स्टॅसन यांनीं पुढें अनेक वेळां अध्यक्षपदासाठीं नशीब अजमावलें, इतक्या वेळां कीं त्यांचें नांव विनोदाचा विषय झालें. १९४८ च्या वसंतांत ते त्या पदाच्या किती जवळ पोंचले होते, हें त्या विनोदांत लोक विसरून गेले.

ज्या प्रश्नावर वाद झाला तो प्रश्न मात्र ओरेगनच्या निकालानें मिटला नाहीं. वादानंतर दोनच दिवसांनीं प्रतिनिधिगृहानें मुंट-निक्सन विधेयक मोठ्या बहुमतानें मंजूर केलें. सिनेटमध्यें तें अडकलें. जुलैमध्यें कम्यूनिस्ट पक्षाच्या पुढाऱ्यांवर १९४० च्या स्मिथ कायद्याखालीं खटले भरले गेले, व १९४९ सालीं त्यांपैकीं अकरांना शिक्षा झाल्या. सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं त्या उचलून धरल्या आणि १९५७ सालीं त्याच कायद्याचा अर्थ बराच संकुचित केला. मुंट-निक्सन विधेयकांतील पुष्कळ कलमें १९५० च्या मॅकॅरन कायद्यांत आलीं. ट्रूमन यांनीं तो नाकारला, तरी काँग्रेसनें त्यांच्यावर मात करून तो केलाच. १९५४ सालीं तर कम्यूनिस्ट पक्षाचे कायदेशीर हक्क काढून घेणारा कायदाहि झाला. स्टॅसन यांना हवें होतें तें जवळजवळ मिळालें. पण तो कायदा क्वचितच वापरला गेला, आणि १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पक्षाच्या सभासदांना नांव नोंदविण्याची सक्ति करणें घटनाबाह्य ठरविलें. आपल्याकडे पश्चिम बंगालमधील बंदी उठली, आणि १९५७ सालीं केरळांत त्याच पक्षाचें मंत्रिमंडळ मतदानानें अधिकारावर आलें.

पूर्वनिवडणुकांचेंहि रूप पालटलें. १९६८ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनीं एकाहि पूर्वनिवडणुकींत भाग घेतला नव्हता. शिकागोच्या त्या अधिवेशनाबाहेर पोलीस व तरुण यांची मारामारी झाली, आणि पक्षाला आपले नियम बदलणें भाग पडलें. १९७२ पासून बहुतेक संस्थानांत मतदारच प्रतिनिधी ठरवूं लागले. यूरेनला जें हवें होतें तें साठ वर्षांनीं घडलें. पण त्यांत ओरेगनचें महत्त्व मात्र गेलें. सगळींच संस्थानें मतदान घेऊं लागल्यावर जें आधीं घेईल त्याचा मान, आणि ओरेगन मे महिन्यावर अडून बसलेलें. तेथील मतदार आतां केंद्रावर जात नाहींत. १९९८ सालीं त्यांनीं, अर्थात् आपल्या त्याच जुन्या हक्काचा उपयोग करून, सर्व मतदान टपालानें घेण्याचा कायदा केला. मतपत्रिका घरीं येते, मतदार ती निवांतपणें भरतो आणि परत धाडतो.

२०२४ सालीं ओरेगनची पूर्वनिवडणूक नेमकी २१ मे रोजींच आली. डेमोक्रॅटिक पक्षांत बायडन आणि रिपब्लिकन पक्षांत ट्रम्प विजयी झाले. परंतु दोघांनींहि पुरेसे प्रतिनिधी मार्च महिन्यांतच मिळविले होते. बरोबर दोन महिन्यांनीं, २१ जुलै रोजीं, बायडन यांनीं माघार घेतली. मग डेमोक्रॅटिक प्रतिनिधींनीं आपापसांत मतें देऊन कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली, आणि त्या प्रतिनिधींत ओरेगनहून निवडून गेलेलेहि होते.